राहून गेलेला ठिपका

खून कोणी केला हे आधीच कळलं तर पिक्चर बघायला कोण येईल? पण आमच्या टॉकीजमध्ये एक सबंध वर्ष असं गेलं, की खुनी कोण हे लोकांना तिकीट काढायच्या आधी, रस्त्यावर उभ्या उभ्या, फुकटात कळायचं. आणि ते सांगणारा माणूस आमच्याच पगारावर होता! बरं, आपण सांगतोय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

त्याला सगळे पेंटर म्हणत. आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असणारच, पण ते सहीपुरतं. मलाही तिथं नावानं कोणी हाक मारत नसे. मी दारावर तिकिटं फाडायचो, म्हणून मी फाड्या. लहानपणी वह्या फाडतो म्हणून गुरुजींनी मला वेताच्या छडीनं फोडून काढलं होतं, आणि पुढे जन्मभर फाडण्याचाच पगार खाल्ला. गुरुजी बघायला हवे होते. असो. माझं काय, मी अजून आहे, कधीही सांगेन. पेंटरचं सांगायचं आहे.

पेंटर बुटका, आणि मान कायम एका बाजूला कललेली. जगाकडे बघून ‘नाक जरा डावीकडे हवं होतं’ असं मनात म्हणतोय, असं वाटायचं. टॉकीजच्या मागे, जनरेटरच्या खोलीला लागून त्याची पत्र्याची शेड होती. तिथं तो फाटकावरचा मोठा बोर्ड रंगवायचा. बोर्ड म्हणजे लाकडी चौकटीत ठोकलेला पत्रा, दोन खाटा शेजारी शेजारी मांडाव्यात एवढा. पिक्चर उतरला की पत्रा खाली यायचा, त्याच्यावर सफेद्याचा जाड हात फिरायचा, आणि त्याच पांढऱ्यावर पुढचा पिक्चर चढायचा. म्हणजे एका पत्र्याच्या पोटात किती नट्या आणि किती घोडे गाडलेले असत, याचा हिशेब देवालाच ठाऊक.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन यायची. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला भावोजी. उंच बाई, नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच. समोरच्या सलूनमधला न्हावी म्हणायचा, “पेंटरला शिडी कशाला लागते, बायको आहे की.” ती हसायची आणि म्हणायची, “शिडी मुकाट्यानं ऐकते, मी ऐकत नाही, म्हणून लागते.” डबा झाला की ती रॉकेलमध्ये ब्रश धुवायची, जुन्या चिंध्या पिळून वाळत घालायची, आणि बोर्ड चढायच्या दिवशी खाली शिडी धरून उभी राहायची. शिडी दुसऱ्या कोणी धरलेली पेंटरला चालत नसे. मी एकदा धरली होती तर म्हणाला, “फाड्या, तू धरलीस की मला खालून शिंक ऐकू येते.” मला शिंक आलीच नव्हती. पण त्याला भरवसा नव्हता एवढं खरं.

आता त्याच्या कामाची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीतून घडलं.

शेडमध्ये तो सगळा बोर्ड पुरा करायचा, पण डोळे अर्धे ठेवायचा. डोळ्यातलं काळं भरायचा, त्यात जवसाचं तेल जरा जास्त घालायचा, म्हणजे ते लवकर वाळत नसे, ओलसर राहायचं. मग दोरानं बोर्ड फाटकावर चढवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं की शिडी लावायची, वर जायचं आणि एकेका डोळ्यात सफेद्याचा एक ठिपका ठेवायचा. तो ओल्या काळ्यात थोडा विरघळायचा, आणि तुम्हाला सांगतो, तो चेहरा तुमच्याकडे बघायला लागायचा! मग त्यावर वार्निशचा एक हलका हात. वार्निश बसलं की डोळा पक्का. त्याच्यावर काहीही ओता, काहीही घासा, तो हलायचा नाही.

मी विचारलं होतं, “खालीच का नाही टाकत?” तर म्हणाला, “खाली टाकलेला ठिपका वर गेला की भलतीकडे बघतो. ऊन कुठून येतंय ते वरच कळतं.”

याला आम्ही ‘डोळे उघडणं’ म्हणायचो. चार माणसं हटकून जमायची.

त्यातही त्याची एक खोड होती. पिक्चरमधल्या दुष्ट माणसाच्या डोळ्यात तो ठिपका टाकत नसे. वार्निशही नाही, चमक येईल म्हणून. नुसतं काळं. ज्याच्याकडे तो शिकला त्या म्हाताऱ्यानं त्याला असंच शिकवलं होतं म्हणे, आणि हाताला एकदा लागलेली सवय ती. बरीच वर्षं त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. आमच्याकडे तेव्हा कौटुंबिक पिक्चर लागायचे. सासू छळते, सून रडते, सगळे रुमाल ओले करून घरी जातात. त्यात दुष्ट कोण हे शेंबड्या पोरालाही पहिल्या घंटेला कळायचं. त्याच्या डोळ्यात दिवा लागला काय नि विझला काय!

आणि मग ते वर्ष आलं.

काय वारं फिरलं कोण जाणे, पण त्या एका वर्षात एकामागून एक चार रहस्यपट आले, आणि चारही असे की आज सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. मी दारावरचा, मला पिक्चर तुकड्यातुकड्यांनी दिसायचा, तरी सांगतो.

पहिला घड्याळाचा. त्यांची खरी नावं आम्ही कधी घेतलीच नाहीत, घड्याळाचा, बर्फाचा, अशीच आमची नावं. घड्याळजीच्या दुकानात एक बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला येतं. तो मागचं झाकण उघडतो तर आत वाळलेलं रक्त. आणि मग जो जो गिऱ्हाईक येतो तो वेळ विचारताना त्या घड्याळाकडे बघून दचकतो! सगळेच दचकतात हो! कोणावर संशय घ्यायचा? शेवटी निघाला कोण, तर घड्याळजीला फुकट औषध देणारा मायाळू डॉक्टर. दुसरा बर्फाचा. बर्फाच्या कारखान्यात लादी फुटते आणि आतून माणसाचा हात बाहेर येतो. बाया किंचाळायच्या, आणि मध्यंतरात त्याच बाया बर्फ घातलेलं सरबत प्यायच्या, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तिसरा जिन्याचा. घर बैठं, वर मजलाच नाही, पण भाडेकरूला रोज डोक्यावरून कोणीतरी जिना उतरताना ऐकू येतो. त्या पावलांचा आवाज असा की माझ्या दारातून लोक आत जाताना पुढच्याच्या खांद्याला धरून जायचे.

घड्याळाच्या वेळेला डोळे उघडले, आणि न्हावी सलूनमधून कात्री हातात घेऊन रस्त्यात आला. वर बघत राहिला.

“पेंटर,” तो ओरडला, “डॉक्टरला ठिपका राहिला की तुझा!”

“राहिला नाही,” पेंटर शिडीवरून म्हणाला. “त्याला नसतो.”

“का बरं?”

पेंटरनं पुढच्या डोळ्याला वार्निश लावलं. पण न्हाव्याचं डोकं म्हणजे वस्तऱ्याहून धारदार. पिक्चर बघून आला आणि मांडी थोपटून हसला. “दिवसभर लोकांची थोबाडं हातात धरतो मी,” म्हणाला, “मला फसवता? ज्याच्या डोळ्यात दिवा नाही तो खुनी!” झालं. सलूनमध्ये फुटलेली गोष्ट म्हणजे आगीला तेल. बर्फाच्या वेळेला डोळे उघडताना चाराची चाळीस माणसं झाली. पेंटरचा हात एकेका चेहऱ्यावर गेला की खालून “उघडला! उघडला!” असा गजर. आणि शेवटी कारखानदाराच्या विधवेचे डोळे काळेच राहिले, तेव्हा सगळे खूश होऊन घरी गेले. घरी गेले म्हणजे घरीच गेले, तिकीट खिडकीवर कोणी आलं नाही.

मालकांना हे कळायला उशीर लागला. मालक दुरून येणारे, स्वच्छ कपड्यांचे, त्यांना सलूनमधलं कोण सांगणार? पण जिन्याच्या पिक्चरला कहर झाला. त्यात खुनी म्हणजे खुद्द हीरो! बोर्डाच्या मधोमध हीरोचं हे एवढं डोकं, आणि डोळे दोन विझलेल्या निखाऱ्यांसारखे. पहिल्या खेळाला मी दारात उभा राहून माझीच नखं मोजत होतो.

मालकांनी पेंटरला बोलावलं. मी तिथंच कोपऱ्यात उभा होतो.

“हीरोचेच डोळे विझवलेस?”

“तोच खुनी आहे ना, मालक.”

“अरे, ते तुला ठाऊक, मला ठाऊक! बाहेरच्याला कशाला?”

“मी कोणाला सांगितलं नाही.”

“सांगितलं नाही म्हणे! ही एवढी दवंडी फाटकावर टांगलीस!”

तेव्हा कुठे पेंटरला उमगलं. खरं सांगतो, त्याचा चेहरा असा पडला, की मालकांचाही राग जरा उतरला. ते म्हणाले, “आता चौथा येतोय. मोठा आहे. याच्यावर माझं पुढचं सगळं अवलंबून आहे. हाही फुकट गेला तर शहरातून छापील कागद येतील, चिकटवले की झालं, पेंटर लागत नाही. हा तुझा शेवटचा बोर्ड म्हणून रंगव. नाहीतर खरंच शेवटचा होईल.”

दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि दुसरं काही त्याला नको होतं. घरी वहिनींना त्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग टाका की सगळ्यांना ठिपके. तुमच्या सफेद्याला काय धाड भरली आहे?” तो म्हणाला, “हात जात नाही.” त्या म्हणाल्या, “मी खाली उभी राहीन ना. हात गेला नाही तर शिडी हलवीन.”

चौथा पिक्चर किल्ल्यांचा. एक भाड्याच्या खोल्यांचं मोठं घर, आणि ते सांभाळणारी एक बाई. कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा. कुलूपबंद खोलीत भाडेकरू मरून पडतो, किल्ली फक्त तिच्याकडे. सबंध पिक्चरभर सगळे तिच्याकडे बोट दाखवतात, ती एक शब्द बोलत नाही, आणि आपल्याला वाटत राहतं, हिनंच केलं, हिनंच केलं! शेवटी निघतो वरच्या मजल्यावरचा लंगडा न्यायाधीश. बाई निर्दोष.

बोर्डासाठी फोटोंचा संच येई, त्यावरून पेंटर चेहरे काढायचा. या खेपेला संचात न्यायाधीश होता, तपास करणारा साहेब होता, नायिका तीन पोजमध्ये होती, पण किल्लीवाल्या बाईचा फोटोच नव्हता. नवखी नटी, तिचा फोटो कोण काढतो! चाचणीच्या खेळात पेंटरनं तिला एकदाच पाहिलं होतं.

“उंच आहे,” तो मला म्हणाला. “आणि गप्प असते. चेहरा आठवत नाही.”

मग त्यानं वहिनींना बसवलं.

मी त्या दुपारी शेडमध्ये गेलो होतो, उगाच, काड्यापेटी मागायला. वहिनी उलट्या डब्यावर बसल्या होत्या, केस पुन्हा विंचरलेले, पाठ ताठ, आणि टॉकीजच्या झाडून सगळ्या किल्ल्या कमरेला. एवढी वर्षं त्यांनी त्या शेडमध्ये ब्रश धुतले, पण पेंटरनं त्यांना कधी रंगवलं नव्हतं. घरात फोटोही नव्हता. घरात पेंटर असताना फोटोवाल्याकडे कोण जातं?

“भावोजी, हसू नका,” त्या म्हणाल्या, “नाहीतर मीही हसेन आणि हे ओरडतील.”

“वहिनी, आता तुम्ही फाटकावर चढणार!”

“चढू दे की. एवढी वर्षं चढणाऱ्याची शिडी धरली.”

पेंटरचं लक्ष पत्र्यावर. मान कलती करून रंगवत होता. आणि काय उतरलं ते! बोर्डावरचे बाकीचे चेहरे नटनट्यांचे, हा एकटाच माणसाचा. मी काड्यापेटी न घेताच परत आलो.

बोर्ड चढायच्या दिवशी, दोर बांधायच्या आधी मालक शेडमध्ये आले. बराच वेळ बघत राहिले.

“उद्या सगळ्यांना ठिपके,” ते म्हणाले. “न्यायाधीशालाही. फक्त या बाईला नको.”

“ही खुनी नाही, मालक.”

“म्हणूनच! लोकांना वाटू दे. वाटलं की बघायला येतील, आणि बघतील की भलताच निघाला. मग परत येतील. तुझी खोड माझ्या कामी येऊ दे एकदा.”

“पण ही...” पेंटर म्हणाला आणि थांबला.

मालकांनी निरखून पाहिलं. त्यांना ओळख पटली. “तुझी मंडळी ना? मग अडचण कसली? परकी असती तर तक्रार घेऊन आली असती. घरचीच आहे, घरात समजावून सांग.”

त्यानं समजावून सांगितलं नाही. एवढंच म्हणेन. त्याला वाटलं असेल, शिडीवर गेल्यावर काहीतरी सुचेल.

सकाळी फाटकासमोर हा जमाव! न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर तसाच बाहेर आणला होता. वहिनी शिडी धरून उभ्या. पेंटर वर गेला. नायिकेचे डोळे उघडले. साहेबाचे उघडले. न्यायाधीशापाशी त्याचा हात थांबला, आणि वहिनींनी खरंच शिडी हळूच हलवली. त्यांना वाटलं, अडला आहे. त्यानं ठिपका टाकला. त्या लंगड्या म्हाताऱ्या खुन्याच्या डोळ्यात असा उजेड आला, की खालून एक बाई म्हणाली, “किती गरीब दिसतो हो!”

मग तो वहिनींच्या चेहऱ्यापाशी आला. ब्रश सफेद्यात बुडवला. धरून ठेवला. खाली वहिनी मान वर करून बघत होत्या, कशाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारख्या. तो ब्रश त्यानं चिंधीला पुसला आणि खाली उतरला.

“सापडली!” न्हावी ओरडला. “किल्लीवाली! किल्लीवालीच!” आणि मग त्याची नजर शिडीवरून खाली आली. वर बघ, खाली बघ. “अरेच्चा! अहो, ही तर इथंच उभी आहे! धरा, धरा, पळेल!”

कसलं हसू पिकलं म्हणून सांगू! अर्ध्या दाढीचा माणूसही पोट धरून हसत होता. वहिनीही हसल्या, चारचौघांत माणूस हसतो तसं. शिडीवरचे हात मात्र त्यांनी काढले नाहीत. पेंटर उतरून बाजूला झाला तरी त्या रिकामी शिडी धरून उभ्या होत्या.

पिक्चर तुफान चालला. मालकांचा डाव बरोबर बसला. लोक किल्लीवालीला पकडायला आत जायचे आणि न्यायाधीश बघून थक्क होऊन बाहेर यायचे, आणि दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला घेऊन यायचे. मी तिकिटं फाडून फाडून अंगठ्याला घट्टा पाडून घेतला. मालकांनी पेंटरच्या पाठीवर सगळ्यांसमोर हात ठेवला.

आणि इकडे वहिनींचं नाव पडलं, खुनी वहिनी.

कोणाच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही सांगेन. थट्टा होती ती. नळावर त्या गेल्या की बाया बाजूला सरायच्या, “आधी तुम्ही भरा बाई, आम्हाला आमचा जीव प्यारा आहे.” दुकानात कोणी म्हणायचं, “किल्ल्या कुठं ठेवल्या आज?” पिक्चर बघितलेलेच हे म्हणायचे हो! त्यांना ठाऊक होतं की बाई निर्दोष आहे. पण पिक्चरमधली बाई शेवटच्या रिळाला सुटली, आमची वहिनी सुटली नाही. तिला शेवटचं रीळच नव्हतं.

पहिल्यांदा त्या उत्तर द्यायच्या. “जपून राहा, पुढचा नंबर तुमचा.” मग उत्तरं कमी झाली. मग डबा घेऊन येणं थांबलं, पेंटर सकाळीच बरोबर आणायला लागला. टॉकीजवरून जायचं नको म्हणून त्या बाजाराला मागच्या गल्लीनं, लांबच्या लांब वळसा घालून जायच्या.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीखाली चूल. वहिनी पाठमोऱ्या होत्या. मागे न वळता पेंटरला म्हणाल्या, “एक विचारू? सगळ्यांच्या डोळ्यांत टाकलात. त्या मेल्या न्यायाधीशाच्याही टाकलात. माझ्या डोळ्यात एक ठिपका टाकायला एवढं काय महाग पडलं?”

पेंटर म्हणाला, “मालकांनी...”

“मालक शिडीवर होते का?”

त्यानं नखातला रंग खरवडला. मग म्हणाला, “पिक्चर उतरला की टाकतो. उतरायच्या दिवशी, सगळ्यांसमोर. शब्द देतो.”

“भावोजी, ऐकलंत ना?” वहिनी वळल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं. “साक्षीदार आहात तुम्ही.”

पण पिक्चर उतरेना! चालतोय आपला, चालतोय. आणि उतरला तो असा अचानक, की पुढच्या पिक्चरचे डबे दारात येऊन पडले आणि मालकांचा निरोप आला, उद्या सकाळी नवा बोर्ड वर पाहिजे. एकच धांदल. बोर्ड खाली ओढला, शेडमध्ये नेला, पेंटरनं सफेद्याचा डबा फोडला आणि रुंद ब्रशनं वरून खाली सपासप हात मारायला लागला. मी पत्र्याचं दुसरं टोक धरलं होतं.

अचानक मला आठवलं. म्हटलं, “पेंटर! वहिनींचा ठिपका!”

“अरे हो,” तो म्हणाला.

पण हात चालतच होता त्याचा, आणि बोलता बोलता तो ब्रश त्या चेहऱ्यावरून गेला होता. कपाळ गेलं, डोळे गेले. हनुवटी तेवढी बाहेर होती, पाण्यात बुडणाऱ्या माणसाची राहते तशी. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तीही भरून टाकली. काय करणार होता?

घरी वहिनींनी दारातच विचारलं, “टाकलात?”

“टाकला.”

तो तसं का म्हणाला, ते मला त्यानं पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. म्हणाला, “तिनं विचारताना पदराला हात पुसले होते. काहीतरी घ्यायचं असतं तेव्हा पुसतो तसे.”

वहिनींनी खरं मानलं. दुसऱ्या दिवशी नळावर जाऊन मान ताठ करून सांगितलं, “उघडले बरं का माझेही डोळे काल. फाटकावर, सगळ्यांसमोर.” बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतली एक अगदी फाटकासमोर राहणारी. ती म्हणाली, “काल? काल तर बोर्ड उलटा करून फरफटत आत नेला की.” आणि त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत. नेहमीसारख्या हसल्या.

वहिनी हंडा अर्धा भरून घरी आल्या. पेंटरला एक अक्षर बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं हो! जेवण वाढायच्या, कपडे धुवायच्या, विचारलं तेवढं सांगायच्या. पिक्चरमधल्या किल्लीवालीसारख्या झाल्या. छातीचं जुनं दुखणं होतं त्यांना, ते वर आलं. औषध दिलं की घ्यायच्या, नाही दिलं तर मागायच्या नाहीत. पुढच्या वर्षी थंडीत गेल्या.

त्याच सुमाराला मालकांनी छापील कागद आणले. किल्ल्यांच्या पिक्चरनं हात दिला होता, नवं काहीतरी करायची ऐपत आली होती. चिकटवले की झालं. पेंटर लागला नाही.

शेडमध्ये पत्रे एकावर एक पडले होते. पेंटर मालकांकडे गेला, एक पत्रा मागितला. मालक म्हणाले, “सगळे ने की. भंगारच आहे.” त्यानं एकच नेला. मी आणि तो, दोघांनी खांद्यावरून नेला, आणि पुढच्या खोलीत चुलीसमोर भिंतीला टेकवला.

तिचं दुसरं काही नव्हतं त्याच्याजवळ. ती होती ती त्या पत्र्याच्या पोटात.

रॉकेलची चिंधी आणि बोथट सुरी घेऊन तो बसला. मी फावल्या वेळात जायचो. वरचा थर निघाला, एक विनोदी पिक्चर, जाड्या माणसाचं ढेरपोट. त्याखाली घोडे. त्याखाली सफेदा. तेव्हा तो हळू झाला. बोटभर बोटभर जागा ओली करायचा, वाट बघायचा, सुरीची पाठ लावायचा. आधी न्यायाधीश निघाला. आणि तुम्हाला सांगतो, त्याचे डोळे निघाले ते लखलखीत! काल टाकलेले ठिपके वाटावेत. वार्निशखाली सगळं जसंच्या तसं. साहेब निघाला, नायिका निघाली, तेही बघायला लागले.

मग तिचे केस निघाले. कपाळ निघालं. कमरेच्या किल्ल्या, एकेक दात दिसेल अशा. नाक, ओठ, हनुवटी. डोळे त्यानं शेवटी ठेवले होते. सफेद्याची वाटी शेजारी तयार होती, बारीक ब्रश तयार होता.

चिंधी लावली, थांबला, सफेद्याची खपली उचलली. आणि त्या खपलीला चिकटून डोळ्याचं काळं वर आलं. सबंध. बाकीचा रंग कधीच वाळून घट्ट झाला होता, पण डोळ्यांना वार्निश लागलं नव्हतं ना. तेलाचं मऊ काळं, ठिपक्याची वाट बघत तसंच राहिलेलं, वरच्या थरानं धरून ठेवलेलं. दुसऱ्या डोळ्यालाही तेच झालं. चेहरा सगळा होता आणि डोळ्यांच्या जागी दोन जागा नुसता करडा पत्रा.

त्यानं ब्रश सफेद्यात बुडवला. पत्र्यापर्यंत नेला.

“कुठं टाकू, फाड्या?” म्हणाला. “खाली डोळाच नाही.”

“काळं नव्यानं भर ना, बाबा,” मी म्हटलं. “तुझ्या हातचंच तर काम.”

“भरीन,” तो म्हणाला.

पुढे तो दारांवर नंबर रंगवायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा. नुसती अक्षरं. चेहऱ्याचं काम आलं तर घेत नसे. तो पत्रा तिथंच भिंतीला होता, मी जाईन तेव्हा तसाच. न्यायाधीश एका बाजूनं टकटक बघतोय, आणि ती मध्ये, तशी. ब्रश वाटीत वाळून दगड झाला होता.

एकदा तो म्हणाला, “फाड्या, तुला सगळं आठवतं. बर्फात कोण होतं, घड्याळात काय होतं, सगळं. तिचे डोळे कसे होते रे? मी सगळ्यांचे एकाच डब्यातल्या काळ्यानं भरायचो. पण तिचे काळे नव्हते.”

चारही पिक्चरचे खुनी मी झोपेत सांगेन. डॉक्टरच्या चष्म्याची काडी तुटलेली होती, तेही सांगेन. मी बराच वेळ आठवून पाहिलं.

“तपकिरी असावेत,” मी म्हटलं.

“असावेत,” तो म्हणाला.